सुकान्याने परत म्हटलेला हुकूम

आमच्या संघटनेच्या अध्यक्षाने आमच्या संघटनेच्या संस्थापकाला फसवलं. अध्यक्ष जहाजावर कप्तान होते, संस्थापक सुकानी होते. फसवणूक दिवसाढवळ्या झाली, भरल्या सभेत, माईकवर, आणि ज्याला फसवलं त्याच्याच तोंडून वदवून घेतली गेली. मी त्या वेळी बाहेर मंडपवाल्याशी खुर्च्यांवरून भांडत होतो. संघटनेचा इतिहास म्हणून एक गुळगुळीत कागदाची स्मरणिका निघाली आहे. तिच्यात यातलं काहीच नाही, म्हणून मी लिहितो आहे.

मी कोण ते आधी सांगतो. यवतमाळच्या बसस्टँडजवळ माझं भोजनालय आहे आणि त्याच्यावर लॉज आहे. दोन्ही मी स्वतः उभं केलं. माझा जन्म फुलसावंगीच्या बाजूच्या एका तांड्यावरचा. आमचे जुने लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे, असं याडी, म्हणजे माझी आई, सांगायची. मिसरूड फुटायच्या आत मी मुंबईला पळालो. गोदीजवळच्या खानावळीत भांडी घासत होतो. तिथे जेवायला येणाऱ्या एका सारंगाने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, माझा कामाचा हात पाहिला आणि मला जहाजावर नेलं. पुढची सगळी उमर जहाजाच्या भटारखान्यात गेली. जहाजावर स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. मी भंडारी झालो आणि आजही आमच्या लोकांत मला त्याच नावाने हाक मारतात.

बंदरात उतरलो की भाजी, मासळी, मटणाचा सौदा मी करायचो. भाषा येत नसली तरी भाव करता येतो. पाठ फिरवून चालू लागायचं आणि समोरचा हाक मारेपर्यंत मागे बघायचं नाही. तोंड माझं खराब आहे, हे मला माहीत आहे. पोळी गार आहे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी भरल्या ताटावरून उठवलेलं आहे. पण मी कोणाला फसवलेलं नाही. जास्तीचा भाव सांगणं ही फसवणूक नसते. समोरचा नाही म्हणायला मोकळा असतो. तो नाही म्हणू शकणार नाही अशी व्यवस्था करून मग त्याला भाव सांगणं, ती फसवणूक.

आमच्या जिल्ह्यात समुद्र नाही. इथल्या माणसाला समुद्र म्हणजे टीव्हीवरची गोष्ट. मर्चंट नेव्हीत होतो म्हटलं की पुढचा शब्द कोणी ऐकत नाही, नेव्ही तेवढी ऐकतात. किती दुश्मन मारले, असं मला पानठेल्यावरच्या पोरांपासून तहसीलच्या शिपायापर्यंत सगळ्यांनी विचारलेलं आहे. मी सांगायचो की मी फक्त कोंबड्या मारल्या. लोक हसायचे आणि विषय संपायचा. माल वाहणाऱ्या जहाजांवर आयुष्य काढलेली माणसं या जिल्ह्यात असतील, असं कोणाच्या डोक्यातच येत नव्हतं.

सुकानीचाचांच्या, म्हणजे आमच्या संस्थापकांच्या, मात्र आलं. चाचा बाभुळगावचे. त्यांच्या घरात सगळे मेकॅनिक. बापाला वाटायचं की याने टायरचं दुकान सांभाळावं. हा जहाजाचं चाक धरायला गेला. सुकानी म्हणजे जहाज वळवणारं चाक ज्याच्या हातात असतं तो. चाचांनी तेलाची जहाजं लढाई चालू असलेल्या आखातातून नेली होती. ते स्वतःहून कधी सांगायचे नाहीत. मला हे त्यांच्याबरोबर एकाच जहाजावर होतो म्हणून माहीत.

निवृत्त होऊन गावी आल्यावर एका पंधरा ऑगस्टला ते कलेक्टर कचेरीच्या झेंडावंदनाला गेले. पांढरे कपडे, पांढरे बूट. पुढच्या खुर्च्यांवर माजी सैनिक बसले होते. चाचा त्यांच्या शेजारी बसले. एका कारकुनाने येऊन विचारलं, बाबाजी, तुम्ही कोणत्या पलटणीचे? चाचांनी सांगितलं. कारकून म्हणाला, मग हे तुमच्यासाठी नाही, तुम्ही मागे बसा. चाचा मागे बसले नाहीत, सरळ माझ्या भोजनालयात आले. मी कारकुनाच्या सात पिढ्या काढायला सुरुवात केली. चाचांनी मला हाताने थांबवलं.

"भंडारी, आपलीबी एक संघटना पाह्यजे."

"खुर्चीसाठी?" मी विचारलं.

"खुर्ची गेली चुलीत. कोणी विचारलं आपण कोण, तं सांगता आलं पाह्यजे."

संघटना अशी सुरू झाली. स्मरणिकेत लिहिलं आहे की ती कॅप्टनसाहेबांच्या दूरदृष्टीतून सुरू झाली. कॅप्टनसाहेब तेव्हा या जिल्ह्यात राहतही नव्हते.

माणसं चाचांनी शोधली. त्यांची पद्धत साधी होती. एसटीने एकेका तालुक्याला जायचं आणि मोटारपंप दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात विचारायचं, कारण इंजिनरूममध्ये काम केलेला माणूस गावी आला की शेवटी पंपच खोलून बसतो. मारेगावचा तेलवाला त्यांना असाच सापडला. जहाजाच्या इंजिनाला तेलपाणी करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं आणि त्या आवाजाने कान अर्धे गेले होते. तो इतका मोठ्याने बोलतो की बाजारातली माणसं वळून बघतात. असे एकेक करून जमले. कोणी डेकवरचा खलाशी, कोणी साहेबांच्या टेबलावर वाढणारा, कोणी संडास धुणारा. मुसलमान होते, आमच्या तांड्यांवरचे होते, दोघे कोलाम आदिवासी होते. साहेब एकही नव्हता.

जागा मी मिळवली. शहराच्या कडेला एक बंद पडलेली जिनिंग होती. तिच्या आवारात कापसाच्या गाड्यांचं वजन करायची एक लांब पत्र्याची शेड आणि तिच्या मागे एक खोली. मालक व्यापारी माणूस, माझ्याच जातकुळीचा, म्हणजे भाव करणारा. त्याला मी उन्हाळाभर त्याचा भाव सांगू दिला आणि हूं हूं करत राहिलो. पावसाळ्यात शेड गळायला लागली, पत्रा उडाला, नगरपालिकेची नोटीस आली, तेव्हा गेलो. जागा संघटनेच्या नावावर झाली. त्या सौद्याचा मला आजही अभिमान आहे. राग याचाच आहे की मी एवढी मेहनत घेऊन दुसऱ्याचं घर बांधून दिलं.

मग आमच्या लोकांनी त्या शेडचं जहाज केलं. जहाजावर गंज हा रोजचा दुश्मन असतो. छोट्या हातोडीने ठोकून ठोकून गंज काढायचा, तांबडा रंग मारायचा, वरून राखाडी. म्हातारी माणसं शिडीवर चढून महिनाभर पत्र्याचा गंज ठोकत होती. आवाजाने वैतागून शेजारच्या वसाहतीतल्या बायका भांडायला आल्या. त्यांना मी तोंड दिलं. दर दिवाळीआधी हा कार्यक्रम व्हायचा. गंज नसला तरी व्हायचा.

चाचांची बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं. ते मागच्या खोलीत राहायला आले. खाट, ट्रंक, स्टोव्ह, आणि भिंतीवर त्यांनी स्वतः काढलेला एक जहाजाचा बाण, उत्तर कुठे आहे ते दाखवणारा. सकाळी शेड उघडायची, झाडायची, नळाला पाणी आलं की टाकी भरायची, हे ते करायचे. पगार नव्हता, मागितलाही नाही. त्या खोलीसाठी आमच्यात कधी कागद झाला नाही, कारण चाचांकडून कागद मागण्याची कोणाला लाज वाटली असती.

कॅप्टनसाहेबांना आणायचं चाचांनीच ठरवलं. कचेऱ्यांमध्ये आमचं काम होत नव्हतं. आम्ही गेलो की बाबू मान वर करत नसे. तेवढ्यात बातमी आली की मोठ्या जहाजांवर कप्तानी केलेले एक गृहस्थ निवृत्त होऊन यवतमाळला बंगला बांधून राहिले आहेत. मी म्हणालो, साहेब लोक आपल्यात कायले पाह्यजे? चाचा म्हणाले, जहाजाले कप्तान लागते. बाकी सगळ्यांनी मान डोलावली. तेलवाल्याने तर टाळी वाजवली.

साहेब आले, अध्यक्ष झाले. खरं सांगायचं तर सुरुवातीला काम झालं. ते कचेरीत शिरले की बाबू उभे राहायचे. पुढच्या पंधरा ऑगस्टला आमच्यासाठी खुर्च्या ठेवलेल्या होत्या, तिसऱ्या रांगेत, पण होत्या. साहेबांनी एकच अट घातली होती: सभा जहाजाच्या शिस्तीने चालेल.

ही शिस्त म्हणजे काय, ते समुद्र न पाहिलेल्या माणसाला समजावून सांगायला पाहिजे, कारण सगळं तिच्यावरच आहे. जहाजाच्या पुलावर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, कप्तान हुकूम देतो आणि सुकानी तोच हुकूम मोठ्याने परत म्हणतो. कप्तान म्हणाला डावीकडे दहा, की सुकानी म्हणतो डावीकडे दहा, आणि मग चाक फिरवतो. हे का, तर वारा असतो, इंजिन असतं, आणि एक शब्द चुकला तर जहाज खडकावर जातं. परत म्हणण्याचा अर्थ एवढाच की मला ऐकू आलं आणि बरोबर ऐकू आलं. सुकान्याला ते पटलं की नाही, हा प्रश्नच नसतो. त्याला कोणी विचारत नाही आणि तो सांगत नाही. हुकूम चुकीचा निघाला तर जबाब हुकूम देणाऱ्याला द्यावा लागतो, परत म्हणणाऱ्याला नाही. परत म्हणणं हे सुकान्याचं संरक्षण आहे.

साहेब टेबलाशी उभे राहून म्हणायचे, रविवारी सकाळी सफाई. सगळी सभा म्हणायची, रविवारी सकाळी सफाई. साहेब म्हणायचे, चहा झाल्यावर कप धुऊन ठेवणे. सभा म्हणायची, चहा झाल्यावर कप धुऊन ठेवणे. बाहेरच्याला हसू आलं असतं. मलाही यायचं, भटारखान्यात असले हुकूम नसतात, तिथे शिव्या असतात. पण आमची म्हातारी माणसं त्या वेळी ताठ बसायची. घरी ज्यांना सून विचारत नव्हती, ती इथे छाती भरून ओरडायची. सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांच्या वर चाचांचा आवाज. तो आवाज मी वादळात ऐकलेला आहे. साहेबांनीही तो ऐकत ऐकत काही वर्षं काढली आणि त्याचा उपयोग काय, ते ठरवलं.

ज्या सभेबद्दल सांगतो आहे ती वार्षिक सभा होती. मंडपवाल्याने पाय मोडलेल्या खुर्च्या आणून टाकल्या होत्या आणि त्या आमच्या माणसांनी मोडल्या असं म्हणत होता. मी त्याला बाहेर धरलं होतं. आतून साहेबांचा आवाज येत होता, मागून सभेचा. मला वाटलं नेहमीचं चाललं आहे. मी मंडपवाल्याला हरवलं, तो खुर्च्या बदलून द्यायला कबूल झाला, मी घाम पुसत आत आलो, तर सभा संपली होती आणि लोक पुरीभाजीकडे निघाले होते.

तेलवाल्याने मला ओढलं आणि कानात बोलतो आहे असं समजून सगळ्या शेडला ऐकू जाईल असं विचारलं, "भंडारी, सहयोगी सदस्य म्हणजे का असते बे?"

मी म्हणालो, कोणी म्हटलं हे? मग हळूहळू कळलं. सफाई, झेंडा, चहाचे कप, या हुकमांच्या मधोमध साहेबांनी तीन वाक्यं वाचली होती. संघटनेचे मतदार सदस्य म्हणजे अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र असलेले. बाकीचे सहयोगी सदस्य, त्यांना मत नाही. आणि शेडमध्ये तरुणांसाठी अकॅडमी सुरू होईल, त्यासाठी मागची खोली मोकळी करून देण्यात येईल. प्रत्येक वाक्य सभेने छातीवर हात ठेवल्यासारखं परत म्हटलं होतं. अकॅडमी साहेबांच्या जावयाची. प्रमाणपत्रवाले म्हणजे साहेब, आणि गेल्या वर्षभरात त्यांनी आणून बसवलेले त्यांचे चार-दोन मित्र. इतिवृत्तात लिहिलं गेलं: सर्वांनी मोठ्या आवाजात एकमताने मंजूर.

मी चाचांना शोधलं. ते नळावर हात धूत होते.

"चाचा, तुमी ऐकलं नाई का, का म्हणून राह्यले होते ते?"

"ऐकलं ना. ऐकलं म्हणून तं परत म्हटलं."

"मंग नाई म्हणायचं होतं. तुमची खोली चालली."

चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी जहाजावर पहिल्या दिवशी चढलेलं पोर आहे. "सुकानी नाई म्हणत नसते, भंडारी. सुकानी ऐकलं म्हणते. आता साहेब इचारतीन ना, कोणाले का वाटते. मंग सांगू."

साहेबांनी विचारलं नाही. ते गाडीत बसून गेले होते.

दुसऱ्या दिवशी मी बंगल्यावर गेलो. मी सौदा करायला गेलो होतो, भांडायला नाही; बायकोने तशी शपथ घालून पाठवलं होतं. साहेबांनी चहा दिला. मी म्हटलं, शेड घ्या, अकॅडमी करा, पोरं शिकली तर चांगलंच आहे. मत नको आम्हाला, मताचं आम्ही लोणचं घालणार आहोत का? फक्त मागची खोली त्या माणसाला असू द्या. त्याच्यानंतर ती तुम्हालाच राहील. एवढा खाली मी आयुष्यात कोणत्या सौद्यात उतरलो नव्हतो.

साहेब शांतपणे म्हणाले, "हे माझ्या हातात राहिलेलं नाही. सभेने मंजूर केलंय. आणि तुमच्या सुकान्याचाच आवाज सगळ्यात मोठा होता."

मी विचारलं, "साहेब, पुलावर तुमचा सुकानी तुमचा हुकूम परत म्हणायचा तेव्हा तो मंजुरी देत होता का?"

"ते जहाज होतं," साहेब म्हणाले. "ही रजिस्टर्ड संस्था आहे."

मग माझं डोकं फिरलं. काय बोललो ते सगळं आठवत नाही, कपबशी फुटली एवढं आठवतं. साहेबांनी आवाज चढवला नाही. त्यांनी नोकराला फक्त फरशी पुसायला सांगितली. संध्याकाळपर्यंत सगळ्या जिल्ह्यातल्या आमच्या लोकांना कळलं होतं की भंडाऱ्याने कॅप्टनसाहेबांच्या घरात घुसून तमाशा केला. ज्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे कळवलं, त्या ग्रुपवर त्याच दिवशी फक्त अॅडमिनला लिहिता येईल अशी व्यवस्था झाली होती. मी उत्तर टाइप केलं, ते कुठेच गेलं नाही.

मी सगळ्यांना माझ्या भोजनालयात जेवायला बोलावलं. मटण स्वतः केलं. जेवण होईपर्यंत सगळे माझ्या बाजूने होते. अन्याय आहे, म्हणाले. मग मी म्हटलं की चला, सगळे मिळून साहेबांकडे जाऊ आणि एवढंच म्हणू, आम्ही फक्त परत म्हटलं होतं, हो म्हटलं नव्हतं. हात धुवायला गेलेले लोक मग परत पंगतीत आलेच नाहीत. एकाच्या नातवाचं अकॅडमीत नाव लागलं होतं. एकजण म्हणाला, कप्तानाच्या तोंडावर कसं बोलायचं? तेलवाल्याला मी विचारलं, तू तरी येशील ना? तो मोठमोठ्याने रडायला लागला. मला त्याची दया यायला पाहिजे होती. नाही आली. मी त्याला म्हटलं की तुझे कान गेले तेव्हाच पाठीचा कणाही गेला काय. तेव्हापासून तो माझ्याकडे येत नाही. येऊ नये.

चाचांना मी लॉजवर खोली देऊ केली. कायमची. ते म्हणाले, तुह्या लॉजमध्ये ढेकणं आहेत. नाहीत. त्यांना माझ्याकडे यायचं नव्हतं, कारण मग ते कोणाचे तरी आश्रित झाले असते. ते बाभुळगावला भाचीकडे जायचं म्हणाले. भाची चांगली आहे. पण तिच्या घरात चाचांना खाट टाकायला जागा होती ती शिलाई मशीनच्या आणि फ्रिजच्या मधे.

खोली सोडायच्या दिवशी मी टेम्पो घेऊन गेलो होतो. टेम्पोची गरज नव्हती, ट्रंक आणि खाट एवढंच तर होतं. साहेब आले नाहीत, जावई आला. चाचांनी पांढरे कपडे घातले होते. जहाजावर एक सुकानी दुसऱ्याच्या हाती चाक देतो तेव्हा ते नुसतं सोडून जात नाही. जहाज कोणत्या दिशेने चाललं आहे ते सांगतो, दुसरा ते परत म्हणतो, आणि परत म्हटल्यावरच पहिला मोकळा होतो. चाचांनी किल्ली जावयाच्या हातात दिली आणि त्याच्यासमोर ताठ उभे राहिले. सांगितलं, टाकीचा व्हॉल्व्ह अर्धा फिरवून ठेवलाय. पश्चिमेच्या कोपऱ्यात पत्रा ढिला आहे, वारा सुटला की बघावा लागेल. शेड तुमच्या ताब्यात.

जावई मोबाईलवर कोणाशी तरी बोलत होता. त्याने मान हलवली आणि आत गेला.

चाचा उभेच. मी म्हटलं, चला. ते हलेनात. मी म्हटलं, चाचा, ऊन चढून राह्यलं.

"त्यानं परत नाई म्हटलं," चाचा म्हणाले.

"त्याले का समजते त्यातलं? बसा टेम्पोत."

"परत नाई म्हटलं तं मी कसा जाऊ? चाक कोणाच्या हातात हाय मंग?"

मी तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं, अर्धा व्हॉल्व्ह, पश्चिमेचा पत्रा, शेड ताब्यात घेतली. ते बसले असते टेम्पोत. पण ज्याने घेतली नाही त्याच्या वतीने मी का म्हणू? माझ्या जिभेवर ते आलं नाही. ते ट्रंकेवर बसून राहिले, आणि दुपार कलल्यावर भाचीचा नवरा येऊन त्यांना समजावून घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने चाचा परत आले. शेडच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले. संध्याकाळच्या गाडीने बाभुळगावला गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा. असं आता दोन पावसाळे चाललं आहे. भाचीने रडून पाहिलं, मी ओरडून पाहिलं. ते म्हणतात, माझी चाकावरची पाळी उतरली नाही अजून, कोणी उतरवली नाही.

अकॅडमीच्या पोरांना ते वॉचमन वाटतात. पोरं त्यांच्याजवळ हेल्मेटं ठेवतात, बूट ठेवतात, बाबा गाडीकडे लक्ष द्या म्हणतात. चाचा लक्ष देतात. मागच्या वादळात पश्चिमेचा पत्रा सुटला, तेव्हा आत कोणालाच कळलं नाही. चाचांनी ओरडून पोरांना बाहेर काढलं. स्मरणिकेत त्या वादळाचा फोटो आहे, दुरुस्त केलेल्या छपराचा आहे, जावयाचा आहे. संस्थापक म्हणून साहेबांचा रंगीत फोटो आहे. चाचा एका फोटोत आहेत, कोपऱ्यात, हेल्मेटांच्या ढिगाशेजारी. खाली लिहिलं आहे, सुरक्षारक्षक.

त्यांचं आता वय झालं आहे. या उन्हाळ्यात ओट्यावर दोनदा चक्कर आली. डॉक्टर म्हणाला, हा एसटीचा धक्का बंद करा. मी ते चाचांना सांगितलं. ते म्हणाले, मंग साहेबाले सांग ना, उतरव म्हणा मले.

साहेबांना सांगायला आता मला बंगल्यात घेत नाहीत, म्हणून इथे सांगतो. स्मरणिका वाचणाऱ्यांनीही ऐकावं आणि सभेनंतर गप्प बसलेल्यांनीही. कॅप्टनसाहेब, मला शेड नको, मत नको, माझं नाव कुठल्या फोटोखाली नको. तुम्ही त्या ओट्यावर या. जावयाला पाठवू नका, स्वतः या. चाचांच्या समोर उभे राहा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा की त्या दिवशीचा हुकूम कोणाचा होता. सभेचा नाही, चाचांचा नाही. तुमचा होता, एवढं म्हणा, आणि त्यांची पाळी उतरवा. समुद्रावर तुम्ही कधी आपल्या हुकमाचं खापर सुकान्याच्या माथी फोडलं नसेल; फोडलं असतं तर तुमचं प्रमाणपत्र गेलं असतं. इथे समुद्र नाही म्हणून तुम्ही सुटलात, असं समजू नका. तो माणूस अजून उभा आहे, आणि तुम्ही त्याला जबाब द्यायचा राहिलेला आहे. कधी देता?